भोग, भरपाई आणि पूर्वतयारी

वाशिमला समुद्र नाही, कोयनेसारखा भूकंपप्रवण टापू नाही, तेव्हा आपत्तीची तयारी हा कोकण-कोल्हापूरकडचा विषय आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. किल्लारीच्या भूकंपाने तो खोटा ठरवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसे घरांखाली गाडली गेली, तेव्हा तो परिसर देशाच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता.

दुसरा पक्ष अधिक खोल रुजलेला आहे: यायचे ते येणारच, तो भोग आहे. वाशिमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात या मताची परीक्षा विजेच्या बाबतीत घ्यावी. वीज नेमकी कोठे कोसळेल हे सांगता येत नाही, हे खरे. पण ती मृगाच्या पेरणीच्या सुमारास आणि परतीच्या पावसात, म्हणजे सोंगणीच्या दिवसांत, बहुधा दुपारनंतरच्या ढगांतून कोसळते आणि त्याच वेळी शेतात सर्वाधिक माणसे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. जे इतके ठाऊक आहे त्याला आकस्मिक म्हणता येत नाही. धुऱ्यावरच्या लिंबाखाली आसरा घेणे हा तर भोग नव्हे, चुकीचा निर्णय आहे. झाडावर पडलेला प्रवाह जमिनीत पसरताना एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे जनावरे त्यात अधिक दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते नसले तरी गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा नियम विनाखर्च पाळता येतो.

राहिला शासनावर विसंबणारा पक्ष. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण उभे केले, वीजबळीच्या वारसांना 4 लाख रुपयांचे साहाय्यही मिळते; परंतु साहाय्य मृत्यूनंतरचे आहे, आणि पूर्वतयारी म्हणजे संकटाआधीच घराने ठरवून, शिकून ठेवलेली कृती. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवणे हा तिचा सोपा भाग. अवघड आणि मोलाचा भाग हा की, वीज लागलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह साठून राहत नाही, त्याला हात लावणे सुरक्षित असते, हे ठाऊक असायला हवे, आणि 108 ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर लयीत दाब देत राहणे, हे प्रत्येक घरात किमान दोघांना यायला हवे. शेतावर एकालाच वीज लागली, तर दाब देणारा दुसरा असतो.