नाव मिळेपर्यंत थांबू नका

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे. गेल्या वर्षी माझ्या ६ वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी दिलेला फॉर्म भरताना मला घाम फुटला. त्यातले निम्मे प्रश्न माझ्याच लहानपणाबद्दल विचारल्यासारखे वाटले. मिक्सरचा आवाज मला सहन होत नाही. न सांगता पाहुणे आले की डोके बधिर होते. दावतीत कोणाशी काय बोलायचे हे मी घरूनच पाठ करून जाते आणि परत आल्यावर दोन दिवस अंगात त्राण राहत नाही. सासरी मला घमेंडी म्हणतात. मिस्टरांना सांगितले तर म्हणाले, "मुलाचे कमी होते का, आता तूही?" निदान झालेले नसताना मी मदत मागावी तरी कशाच्या आधारावर?

– एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : भगिनी, मिक्सरच्या आवाजाने तुम्हाला त्रास होतो, एवढा आधार मदत मागायला पुरेसा आहे. ऑटिझम असो वा नसो, त्रास खरा आहे. तो कमी करायला सर्टिफिकेट लागत नाही.

मुलाचा फॉर्म भरताना स्वतःची ओळख पटणे ही नवलाची गोष्ट नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि मुलाच्या निदानानंतर आई किंवा वडिलांना स्वतःबद्दल शंका येण्याचा अनुभव अनेक घरांत येतो. यात कोणाचा दोष नाही.

मग इतकी वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? तुम्ही शाळेत गेलात तेव्हा देशात अपंगांसाठी १९९५ चा कायदा होता. त्यात ७ प्रकार होते, ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तो आला. त्यात मुलगी शांत असली, अभ्यास करीत असली, तर घरचे तिला 'गुणी' म्हणतात आणि विषय संपतो. इतरांकडे बघून बोलणे-हसणे शिकून घेणे हे तर मुलींना फार लवकर जमते. तुम्ही दावतीआधी वाक्ये पाठ करता, ते हेच. मराठीत रूढ झालेला 'स्वमग्न' हा शब्दही घोटाळा करतो. ऐकणाऱ्याला वाटते, ही व्यक्ती स्वतःपुरतेच पाहते. प्रत्यक्षात अशा अनेकांना दुसऱ्याची काळजी खूप असते, फक्त ती दाखवण्याची रीत वेगळी असते.

'माय नेम इज खान' हा २०१० चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातील रिझवानच्या आईला मुंबईत असताना मुलाच्या स्थितीचे नाव माहीत नसते. तरी ती त्याच्या कलाने घेते आणि त्याच्या शिकण्याची वेगळी सोय करते. नाव कळते ते तो मोठेपणी अमेरिकेत गेल्यावर, मानसशास्त्र शिकवणाऱ्या भावजयीकडून. कथा काल्पनिक असली तरी हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

घरात आजपासून काय करता येईल? मिक्सर लावताना दुसऱ्या कोणाला उभे करा, किंवा मेडिकलमध्ये मिळणारे कानात घालायचे फोमचे बोळे वापरा. पाहुण्यांनी तासभर आधी फोन करावा, एवढे नातेवाइकांना मिस्टरांनीच सांगावे. लग्नाला गर्दी होण्याआधी जा, नवरीला भेटा, जेवा आणि निघा. हिजाबचे कापड टोचत असेल तर सुती घ्या. रमजानमध्ये सेहरी, इफ्तार आणि तरावीहमुळे दिवसाचा सगळा क्रम बदलतो. त्याचे वेळापत्रक आठवडाभर आधी लिहून फ्रिजवर लावा. ईदच्या दिवशी अर्धा तास एका खोलीत एकटे बसण्याची सोय आधीच ठरवून ठेवा.

मिस्टरांशी बोलताना आजाराच्या नावाने सुरुवात करू नका. नेमके काम सांगा : "दुपारी ३ ते ३.३० मी खोलीत एकटी बसेन, तेवढा वेळ मुलाकडे अम्मी बघतील." नाव ऐकून माणूस घाबरतो, काम ऐकून करून टाकतो. हेही सांगा, की मुलाला आवाजाचा किती त्रास होतो हे घरात तुमच्याइतके कोणालाच कळत नाही. त्याचा फायदा मुलालाच आहे.

तरीही तपासणी जरूर करून घ्या. सामाजिक भीती, नैराश्य, ओसीडी, एडीएचडी यांची काही लक्षणे ऑटिझमसारखी दिसतात आणि कधी ती ऑटिझमसोबतही असतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही सुरुवात करता येते. वेळ घेतानाच विचारा : "तुम्ही मोठ्या माणसांचे ऑटिझमचे मूल्यमापन करता का?" अनेक जण फक्त मुलांचे करतात. जाताना तुमच्या लहानपणाच्या आठवणी आई, खाला किंवा मोठ्या बहिणीकडून लिहून घ्या, कारण लक्षणे लहानपणापासून होती का हे पाहिल्याशिवाय निदान होत नाही. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके असतील तर तीही न्या. मोबाइलवर ५० प्रश्नांची 'एक्यू' चाचणी मिळते. ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही. ऑटिझम घालवणारे औषधही नाही. झोप किंवा चिंता यांसाठी औषधे असतात. कोणी स्टेम सेलने किंवा झाडफूक करून बरे करतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

निदान झाले तरी सरकारी प्रमाणपत्र घ्यायचे की नाही हा तुमचा निर्णय. आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. फक्त स्वतःला समजून घ्यायचे असेल, तर डॉक्टरांचा अहवाल पुरे.

सोबत शोधायला लांब जावे लागणार नाही. मुलाच्या थेरपी सेंटरमध्ये बाकावर बसलेल्या आयांशी बोला. एखादी तरी म्हणेल, "माझेही असेच आहे."

हे वाचणाऱ्या सासवा आणि नणंदांनाही एक विनंती. सून पाहुण्यांसमोरून उठून आत गेली, तर तिला घमेंडी म्हणण्याआधी "आवाजाचा त्रास होतो का?" असे एकदा विचारा.

आणि भगिनी, कधी फार खचल्यासारखे वाटले, जगणे नको असे विचार आले, तर तपासणीची वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक आहे. तो २४ तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.