यादीतला पहिला मतदारसंघ

महाराष्ट्र विधानसभेच्या 288 मतदारसंघांची यादी उघडली की पहिले नाव येते अक्कलकुव्याचे. लोकसभेच्या 48 जागांच्या यादीत पहिले नाव नंदुरबारचे. सातपुड्याच्या माथ्यावर, साडेतीन हजारांहून अधिक फूट उंचीवरचे तोरणमाळ या दोन्ही याद्यांच्या पहिल्याच ओळीत मतदान करते. देशातले पहिले आधार कार्डही याच नंदुरबार जिल्ह्यात दिले गेले. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी शहादा तालुक्यातल्या टेंभली या खेड्यात आले होते. 2012 च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मात्र नंदुरबार राज्यात सर्वांत शेवटी आहे.

यंदाचा आमचा दिवाळी अंक राजकीय विनोदाला वाहिलेला आहे आणि त्याचे संपादकीय आम्ही मुद्दाम तोरणमाळपासून सुरू करतो आहोत. पुढाऱ्यांवर हसण्याचा पहिला हक्क कुणाचा, हे आम्हाला सांगायचे आहे.

मराठी राजकीय विनोदात एक पात्र वर्षानुवर्षे ठरून गेले आहे : डोंगरातला, अडाणी, एका बाटलीवर किंवा एका नोटेवर मत देणारा मतदार. व्यंगचित्रांत तो आहे, एकपात्री कार्यक्रमांत आहे, आता मोबाइलवरच्या चुटक्यांतही आहे. या अंकासाठी आलेल्या साहित्यातही तो पुष्कळ वेळा भेटला. तो आम्ही छापलेला नाही. कारण हे चित्र खोटे आहे.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत या जिल्ह्यात काय घडले ते पाहा. जिल्ह्यात चार मतदारसंघ आणि चारही ठिकाणी एकाच गावित कुटुंबातला एकेक उमेदवार. नंदुरबारमधून तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री डॉ. विजयकुमार गावित भाजपचे अधिकृत उमेदवार. शहाद्यात त्यांचे बंधू राजेंद्रकुमार काँग्रेसकडून. नवापुरात दुसरे बंधू शरद अपक्ष. अक्कलकुव्यात कन्या डॉ. हीना गावित, दोन वेळच्या भाजपच्या खासदार, पक्ष सोडून अपक्ष, तेही वडिलांच्या पक्षाच्या मित्रपक्षाविरुद्ध. नवापुरात आणखी एक गावित होते, वेगळ्या घरातले. माणिकराव गावित 1981 पासून सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले होते. त्यांचे चिरंजीव भरत 2019 मध्ये भाजपचे आणि 2024 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते. वगनाट्य लिहिणाऱ्याने असे कथानक आणले असते तर दिग्दर्शकाने ते अतिशयोक्ती म्हणून परत केले असते.

मतदारांनी काय केले? एकाच कुटुंबातल्या त्या चौघांपैकी एकाला निवडले, तिघांना घरी पाठवले. त्याच निवडणुकीत अक्कलकुव्यातून वर्षानुवर्षे निवडून येणारे काँग्रेसचे के. सी. पाडवी हरले. अवघ्या काही महिन्यांपूर्वी याच मतदारांनी त्यांचे चिरंजीव गोवाल पाडवी यांना लोकसभेत पाठवले होते. बापाला एक न्याय, लेकाला दुसरा. ज्याला विकत घेता येते तो मतदार अशी निवड करत नाही. माणूस ओळखून, पक्ष ओळखून, कधी कधी दोघांचाही राग धरून तो शिक्का मारत आला आहे आणि आता बटण दाबतो.

पुढाऱ्यांवर अविश्वास ठेवायला या लोकांकडे सबळ कारणे आहेत. तोरणमाळच्या पर्यटन विकासाच्या घोषणा सरकारे बदलली तरी होत राहतात. यशवंत तलाव, सीताखाई, महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा, थंड हवा, सगळे भाषणात येते. पण तोरणमाळ म्हणजे फक्त तलावाकाठचे विश्रामगृह नव्हे. खालच्या दऱ्यांमध्ये विखुरलेल्या पाड्यांवरून आजारी माणूस किंवा अडलेली बाळंतीण आजही झोळीत घालून, बांबूला बांधून खांद्यावरून आणावी लागते. 2021 मध्ये या परिसरातल्या घाटांत एकाच वर्षात दोनदा प्रवाशांनी भरलेली जीप दरीत कोसळली आणि माणसे मेली. कामासाठी बाहेर जायचे तर जे वाहन मिळेल त्यात दाटीवाटीने बसायचे, दुसरा उपाय नाही.

आणि उत्तरेला नर्मदा. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावे बुडिताखाली आली. जमिनीच्या बदल्यात जमीन, हे 1979 च्या नर्मदा जलतंटा लवादाचे वचन. त्यासाठी मणिबेलीपासूनच्या गावांनी सत्याग्रह केले, मोर्चे काढले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. शब्द आणि कागद यांतला फरक इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जितका कळतो तितका मंत्रालयातल्या अनेकांना कळत नसेल. त्याआधी 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर जमिनी आणि मजुरीसाठी उभे राहिले. प्रश्न विचारायला इथली माणसे कुणाकडून उसने घेऊन शिकलेली नाहीत.

इतके सगळे सोसूनही ही माणसे मतदान करतात, आणि आमच्या दृष्टीने ही या जिल्ह्याची सर्वांत मोठी गोष्ट आहे. 2024 च्या लोकसभेला नंदुरबारमध्ये 70 टक्क्यांहून अधिक मतदान झाले. नर्मदाकाठच्या गावांत मतदान यंत्रे होडीतून न्यावी लागतात, डोंगरातल्या मतदाराला केंद्रापर्यंत चालत यावे लागते, तरीही 70 टक्के. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले, पुण्यात 53 ते 54 टक्के. म्हणजे ज्या शहरांत राजकीय विनोद सर्वाधिक लिहिला, ऐकला आणि पुढे पाठवला जातो, तिथली निम्मी माणसे मतदानाच्या दिवशी घरात बसली होती. "सगळे सारखेच" हे वाक्य शहरात घरी बसण्याची सबब झाले आहे. डोंगरात पुढाऱ्यांचा अनुभव याहून वाईट आहे, पण तिथला माणूस चालत जाऊन मत देतो.

आपल्याकडच्या चांगल्या राजकीय विनोदाने प्रेक्षकाला कधी घरी बसवले नाही. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या राजाला, कोतवालाला तोंडावर विचारतो आणि समोरच्या माणसाला बळ येते. 'सामना' हा चित्रपट 1975 मध्ये आला आणि 'सिंहासन' 1979 मध्ये. ते पाहून लोक अधिक सावध झाले, उदासीन झाले नाहीत. 1951 मध्ये सुरू झालेल्या 'आवाज'ने दिवाळी अंकाला हसायला शिकवले, त्या हसण्यातही सत्तेची भीती नव्हती. आम्ही या परंपरेचे ऋणी आहोत आणि त्याच मापाने यंदाचे साहित्य निवडले आहे. मंत्र्याची बदललेली टोपी, घराण्याची वाटून घेतलेली तिकिटे, भूमिपूजन होऊन पडलेला रस्ता, हे सारे या अंकात आहे. उपाशी माणसाची चेष्टा नाही, कुणाच्या बोलीची नक्कल नाही, बाईच्या रूपावर कोटी नाही. काही लेखक त्यामुळे नाराज झाले. आमचा निर्णय बदलला नाही.

राज्यात नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका पुढेही येतील. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली. त्यानंतर कित्येक वर्षे इतक्या मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला आणि त्यावर विनोदही फारसा झाला नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. दाराशी येणाऱ्या उमेदवाराला पुढच्या वेळी एकच विचारा : मागच्या वेळी दिलेल्या शब्दांपैकी कोणते काम झाले, ते दाखव. उत्तर ऐकून हसू आले तर मोकळेपणाने हसा. मग मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहा. तोरणमाळच्या लोकांपेक्षा तुमचे केंद्र बरेच जवळ आहे.