लकवा झालेल्या माणसाला बाजेवरून उठवा!

भातकुली तालुक्यातील समस्त गावकरी बंधू-भगिनींनो,

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. आपल्याकडे याच दिवसांत सोयाबीन घरात येतं, कपाशीची वेचणी लागते, सारं घर वावरात जातं आणि लकवा झालेला माणूस दिवसभर बाजेवर पडून राहतो. घरचे सेवेत काही कमी करत नाहीत. घास भरवतात, चादर बदलतात, ‘आता आराम करा बाबा’ म्हणतात. त्या आरामानेच उरलासुरला पाय जातो.

लकव्याचं मूळ पायात नसतं, मेंदूत असतं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि पायाला सुटणारा हुकूम थांबतो. त्यात माणूस निजून राहिला की स्नायू झिजू लागतात, चांगल्या बाजूचेसुद्धा. ही दुसरी झीज आपल्याला थांबवता येते.

चालायला नुसती ताकद पुरत नाही, ती झटकन लागावी लागते. पांदणीत ढेकळाला पाऊल अडलं की दुसरा पाय चटकन पुढे पडला तरच माणूस सावरतो. लकव्यानंतर पंजा लोंबतो, अंगठा जमिनीला घासतो, म्हणून माणूस पाय बाहेरून फिरवून टाकतो. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे १० मीटर साडेबारा सेकंदांत, अशी चाल आली की माणूस गावात बऱ्यापैकी मोकळा फिरू शकतो, असं तज्ज्ञ धरतात. अंगणात १० मीटर मोजून खूण करा, मोबाइलवर वेळ लावा, महिन्याने पुन्हा लावा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीपासून सुरुवात करा. खुर्ची मजबूत हवी, भिंतीला टेकवलेली. पावलं थोडी मागे, अंग पुढे झुकवून उठायचं, अधू पायावरही भार द्यायचा, बसताना सावकाश बसायचं. तोल जमला की उठण्याचा वेग वाढवायचा. मदतनीस अधू बाजूला उभा राहील आणि कमरेला बांधलेला दुपट्टा धरील. लुळा हात ओढून कधीही उठवू नका, खांदा निखळतो.

कबुतराचं रक्त चोळण्यात दिवस घालवू नका, ही हात जोडून विनंती. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत झपाट्याने होते, आणि नेमके तेच दिवस अशा उपायांत जातात. वर्ष उलटलेल्यांनीही आशा सोडू नये. व्यायामाने त्यांच्याही पायात बळ येतं. अमरावतीला इर्विन रुग्णालयात दाखवा, फिजिओथेरपीचा सल्ला घ्या. १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या जिल्ह्यात उभं आहे, तिथे पाय अधू झालेल्यालाच व्यायाम नाकारणं शोभत नाही.

सरपंच आणि सदस्यांनो, मंदिराच्या किंवा शाळेच्या सपाट फरशीवर भिंतीलगत, धरून चालता यावं म्हणून, लोखंडी पाइपचा कठडा बसवा. तरुणांनो, वेचणीच्या दिवसांत शेजारच्या आजोबांना सकाळ-संध्याकाळ त्या कठड्यापर्यंत न्या. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून कोणी स्वतःहून बंद करू नये, हेही घरोघरी सांगा.

आणि कोणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेनासा झाला, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.