दूध कोण आटवणार?

गेल्या रविवारी आमच्याकडे एक जुने स्नेही जेवायला आले होते. वय माझ्याएवढंच, पंचाहत्तरीच्या आसपास. जेवणं झाल्यावर सुनेने फ्रीजमधून आइस्क्रीमचा डबा काढला. विकतचा. स्नेह्यांनी पहिला चमचा तोंडात टाकला आणि सुरू झाले, "आमच्या वेळी असलं विकतचं नव्हतं हो. पॉट आणायचो, सगळी पोरं आळीपाळीने फिरवायची. ती चव आता कुठली! हल्लीच्या मुलींना घरात काही करायलाच नको."

सून काही बोलली नाही. ती शहाणी आहे. मी नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी पॉट पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. एक लाकडी बादली, तिच्या मधोमध धातूचा उभा डबा, डब्यात पाती आणि वर फिरवायचा दांडा. डब्यात आटवलेलं गोड दूध घालायचं आणि भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ भरायचं. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, पण साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. बर्फात मीठ पडलं की ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. डब्याच्या आतल्या बाजूला गोठणारा थर पाती सतत खरवडत राहतात, म्हणून बर्फाचे कण बारीक राहतात आणि जिभेला खर लागत नाही. एवढीच त्यातली विद्या.

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती आणि पॉट एक. मे महिन्याच्या सुट्टीत ते बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरायचं. भुशात ठेवलेली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून यायची, ती धोपाटण्याने फोडायची. मग आम्ही पोरं पॉटाभोवती. दांडा जड होत गेला की मोठी मुलं पुढे यायची. सगळं मिळून अर्धा तास, फार तर पाऊण. त्या अर्ध्या तासावर आमच्या पिढीने आयुष्यभर गप्पा मारल्या आहेत.

आता उरलेला दिवस सांगते. आदल्या संध्याकाळी गवळ्याला जास्तीचं दूध सांगून ठेवणं, हे आईचं काम. सकाळी शेगडी पेटवून, मे महिन्याच्या उकाड्यात, दूध तळाला लागू नये म्हणून ते ढवळत बसणं, हेही आईचंच. मग पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून ते निववायचं. आंब्याचा रस काढून गाळायचा आणि दूध पुरतं गार झाल्यावरच त्यात घालायचा, गरम दुधात घातला तर नासायची भीती. झाकणाच्या फटीतून खारं पाणी आत गेलं तर सगळं वाया, तेव्हा पोरांवर लक्षही तिनेच ठेवायचं. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर बादलीचं मीठ धुऊन, डबा पुसून, पॉट वाळवून शेजारी परत द्यायचं. हो, आणि ते खारं पाणी झाडांना घालायचं नाही. माझ्या भावाने एकदा ते जास्वंदीच्या बुंध्यात ओतलं आणि जास्वंद गेली. बोलणी कुणी खाल्ली? आईने. लक्ष कुठे होतं म्हणून!

आईच्या हातात आइस्क्रीमची वाटी असलेली मला आठवत नाही. खाल्लं असेलही. पण पाती चाटायला कोणाची पाळी होती ते मात्र मला नावानिशी आठवतं.

दोष फक्त त्या स्नेह्यांना देऊन चालणार नाही. मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. दर जूनमध्ये 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध द्यायचे. कित्येक वह्यांत पॉट असायचं. 'आम्ही आइस्क्रीम केले' असं वाक्य असायचं. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, विरामचिन्हं सुधारली आणि दहापैकी सात गुण दिले. त्या 'आम्ही'त कोण कोण येतं, हे एकाही मुलाला विचारलं नाही. व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना कर्ता सापडला नाही, आता काय सांगायचं!

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने बायकोच्या वाढदिवसाला आइस्क्रीमचं यंत्र आणलं तेव्हा मला गंमत वाटली आणि रागही आला. "आई, आता हिला घरच्या घरी करता येईल!" तिला. तिच्याच वाढदिवसाला. ती सकाळी आठला बाहेर पडते आणि संध्याकाळी सातला येते.

त्या यंत्राच्या निमित्ताने मी जरा चौकशी केली. कोणी घ्यायचं म्हणत असेल तर उपयोगी पडेल.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला आपला जुनाच, बर्फ-मिठाचा, हाताने किंवा मोटरने फिरणारा. दुसरा, दुहेरी भिंतीच्या भांड्याचा. भिंतीच्या आत गोठणारं द्रावण असतं आणि ते भांडं आधी सोळा ते चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडे आलं ते हेच. आमच्या फ्रीझरमध्ये मटार, खवलेला नारळ आणि बर्फाचे ट्रे, त्यात ते भांडं उभं मावेना. तेव्हा घेण्याआधी फ्रीझरची उंची मोजा. एकदारी फ्रीजचा लहान फ्रीझर बहुधा तेवढा थंड होतच नाही, त्यांनी याच्या नादी लागू नये. शिवाय एक घाणा झाला की भांडं पुन्हा गोठवावं लागतं, म्हणजे पाहुणे जास्त असले तर दुसरा घाणा दुसऱ्या दिवशी. तिसरा प्रकार स्वतःचा कॉम्प्रेसर असलेला. त्याला आधी गोठवणं नको, पण तो अर्धा ओटा अडवतो, उचलताना कंबर धरते आणि किंमत अशी की त्यात एखादा लहान फ्रीज यावा.

आता महत्त्वाचं. या तिघांपैकी कोणतंही यंत्र दूध आटवत नाही. आंबा सोलत नाही, सीताफळाच्या बिया काढत नाही. मिश्रण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये चांगलं गार केलं नाही, तर महागातलं यंत्रही पातळ लगदा देतं. आणि फिरून झालेलं आइस्क्रीम मऊच असतं, ते घट्ट व्हायला पुढे तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. म्हणजे यंत्र करतं काय? पूर्वी पोरं करायची तेवढंच, फिरवण्याचं. सगळ्यात मजेचं काम यंत्राला दिलं आणि कष्टाचं होतं तिथेच ठेवलं. याला आपण सोय म्हणतो.

हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी घेतलं. त्याआधी डबा बर्फात हलवत राहायचा आणि मधूनमधून उघडून कडेचा थर खरवडायचा, असा प्रकार होता. डबा न उघडता बाहेरून दांडा फिरवायची युक्ती ही बाईची. तिने काम कमी केलं. आपण मात्र पावणेदोनशे वर्षांनंतरही यंत्र घेताना काम कोणाचं कमी होणार, हा प्रश्न विचारत नाही.

कोणी म्हणेल, "बाई, पण घरचं शुद्ध असतं." असतं ना. मला काय ते कळत नाही? विकतच्यात हवा बरीच फेटलेली असते, म्हणून ते लिटरमध्ये विकलेलं परवडतं. पण शुद्धतेसाठी यंत्रच पाहिजे असं नाही. डबा हातात घेऊन त्यावरची अक्षरं वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात बहुधा वनस्पती तेल असतं. नुसतं 'आइस्क्रीम' लिहायचं तर आपल्या नियमांप्रमाणे निदान दहा टक्के दुधाचीच स्निग्धता लागते. हे वाचायला एक मिनिट पुरतं, आणि ते पुरुषांनाही वाचता येतं.

घरचंच हवं असेल तर जीएमएस, सीएमसी पावडरी घालून, अर्धवट गोठलेलं मिश्रण मिक्सरमधून काढून पुन्हा गोठवायची आपली जुनी रीत आहेच. त्याला नवीन यंत्र लागत नाही. माणूस मात्र लागतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. यंत्र घ्यायला माझी ना नाही. पण दुकानात वॉरंटी विचारण्याआधी घरात विचारा, दूध कोण आटवणार? उत्तरात स्वतःचं नाव येत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि डबा विकत आणा. आणि विकतचं खाताना जुन्या पॉटाच्या आठवणी काढायच्याच असतील, तर समोर वाटी ठेवणाऱ्या मुलीला टोमणा न मारता काढा.

आमच्या घरात मी आता नियम केला आहे. ज्याला घरचं आइस्क्रीम आठवेल त्याने ते सुरुवातीपासून भांडी घासेपर्यंत करायचं. या मे महिन्यात मुलाने केलं. पहिल्या खेपेला दूध करपलं. दुसऱ्या खेपेला जमलं, किंचित खर होती पण आंबा छान लागत होता. सुनेने दोन वाट्या खाल्ल्या, बसून. मुलगा रात्री साडेदहाला पातेलं घासत होता आणि मला म्हणाला, "आई, आजी हे सगळं एकटी करायची?"

हो रे बाबा, एकटीच करायची. आणि आम्ही निबंध लिहायचो.

त्या स्नेह्यांनाही पुढच्या रविवारी बोलावलं आहे. दोन लिटर दूध आणून ठेवते. असो.