अदृश्याचे भान

रुग्णसेवा म्हटली की करुणा, सहनशीलता आणि गोड वाणी हे गुण आपल्या मनात प्रथम येतात. ते गुण आवश्यकच आहेत. पण ते पुरेसे आहेत का? परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांना आरंभीच्या काळातच सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय शिकावा लागतो. अनेकांना तो रुक्ष वाटतो. जंतूंची लांबलचक नावे पाठ करावीत, आकृत्या काढाव्यात आणि परीक्षा संपताच सारे विसरून जावे, अशी त्याची गत होते. ‘रोगाचे निदान डॉक्टर करतात, औषधही तेच लिहून देतात, मग परिचारिकेला हे शास्त्र हवे कशाला?’ असा प्रश्नही विचारला जातो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल : ज्या नियमाचे कारण कळलेले नसते, तो नियम फार काळ पाळला जात नाही.

या विधानाला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या मातांची संख्या कितीतरी अधिक असे. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने याचा शोध घेतला. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतिगृहात जात होते, हे त्याच्या ध्यानात आले. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातील सुमारे १८ माता मृत्यू पावल्या होत्या; जुलैमध्ये हे प्रमाण जेमतेम एकावर आले.

एवढा उघड पुरावा असूनही त्याच्या अनेक समकालीनांनी हा नियम मनापासून स्वीकारला नाही. हात धुवावेत हे सेमेलवाइस सांगू शकत होता. पण हातांवर नेमके काय असते हे त्यालाही दाखवता येत नव्हते. ‘मृतदेहाचे कण’ एवढेच तो म्हणू शकला. १८६५ मध्ये उपेक्षित अवस्थेत त्याचा मृत्यू झाला. पुढे १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वरास कारण होणारा साखळीसारखा जिवाणू दाखवून दिला. कारण हाती येईपर्यंत मधल्या काळात किती माता गेल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला आणि लवकरच तो पुण्यातही पोहोचला. त्या साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेसाठी धावून गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या करुणेला आणि धैर्याला तोड नाही. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच सापडला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांच्या दंशातून माणसाकडे येतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे शत्रू कोण हे ठाऊक होते, पण त्याची वाट कोणती हे ठाऊक नव्हते. सेवा करणाऱ्याचे प्राण वाचवण्यासाठीही ज्ञान लागते, हा या घटनेचा अर्थ आहे. आज ते ज्ञान हाताशी असताना आपण त्याकडे पाठ फिरवली, तर तो दोष काळाचा नव्हे, आपला ठरेल.

हे ज्ञान रोजच्या कामात कसे उपयोगी पडते? मूत्रनलिका लावलेल्या रुग्णाची मूत्रपिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवावी, असा नियम आहे. रुग्णाला स्ट्रेचरवरून नेताना मात्र सोयीसाठी ती पिशवी त्याच्या पोटावर ठेवली जाण्याची शक्यता असते. पिशवीतील मूत्र उलट वाहिले, तर त्याबरोबर जिवाणूही आत शिरतात, हे जिला समजले आहे ती परिचारिका तिथल्या तिथे हरकत घेईल. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुभंगतो. एकाचे दोन, दोनांचे चार या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतात. हा हिशेब ज्याने एकदा मांडून पाहिला, तो ‘थोडीशी अस्वच्छता चालेल’ असे सहसा म्हणणार नाही.

तीच गोष्ट निर्जंतुकीकरणाची. पाणी उकळले की सर्व जंतू मरतात, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेची उपकरणे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअस तापमानावर, ठरावीक वेळ ठेवावी लागतात. तो वेळ पाच मिनिटांनी कमी केला, तर बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही. उपकरण तेवढेच चकचकीत असते. धोका मात्र तसाच राहतो. जे डोळ्यांना दिसत नाही, तेथे ज्ञान हाच डोळा असतो.

यावर एक आक्षेप संभवतो. एका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार, बेसिनला पाणी नाही, हातमोजे अपुरे. अशा स्थितीत शास्त्र शिकून काय होणार? हा आक्षेप खोटा नाही. साधने पुरवणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि ज्ञानाच्या गोष्टी सांगून तिला ती टाळता येणार नाही. पण पाण्याची मागणी ठामपणे कोण करील? पाणी नसल्याने काय घडते, हे जिला नेमके सांगता येते, तीच. ज्ञानाने हक्काच्या मागणीलाही बळ येते.

आणखी एक मुद्दा भाषेचा आहे. परिचर्येचे शिक्षण आपल्याकडे मुख्यतः इंग्रजीतून होते. रुग्ण मात्र मराठी, हिंदी, कन्नड अशा आपापल्या भाषेत बोलतो. ‘जंतू’ या एकाच शब्दात जिवाणू आणि विषाणू हे दोन्ही बुडून जातात. मग साध्या सर्दीलाही प्रतिजैविक द्या, असा आग्रह नातेवाईक धरतात. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. ती अकारण किंवा अर्धवट घेतली, तर औषधाला न जुमानणारे जिवाणू टिकून राहतात व वाढतात, हे त्यांना सोप्या शब्दांत कोण सांगणार? सारेच जिवाणू वैरी नसतात, हे तर आपल्या घरातील विरजणही सांगते. ज्या परिचारिकेने विषय स्वतःच्या भाषेत पचवला आहे, तिलाच तो दुसऱ्याच्या भाषेत उतरवता येईल. म्हणून इंग्रजी संज्ञा जरूर शिकाव्यात. पण त्यामागील अर्थ मातृभाषेत समजावून घेण्यात कमीपणा मानू नये.

सूक्ष्मजीवशास्त्राची परीक्षा उत्तरपत्रिकेवर संपत नाही. ती वॉर्डात, रात्रीच्या पाळीत, कोणीही पाहत नसताना रोज द्यावी लागते. तेथे केवळ आज्ञाधारकपणा अपुरा पडतो. कारण समजून घेतलेला नियमच अशा वेळी हाताला आपसूक आठवतो.