यंत्र सरकारी, शीर बेवारस

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या २ लाख २० हजार नव्या रुग्णांची दरवर्षी भर पडते व त्यापायी ३ कोटी ४० लाख सत्रांची मागणी वाढते, असा हिशेब त्यांनी सभागृहाला दिला. यंत्राच्या काही भागांवरील कर माफ झाले, खासगी भागीदारीतून जिल्हा रुग्णालयांत केंद्रे निघाली. गरिबाचे सत्र फुकट झाले, हे मोलाचेच. पण रुग्णाचे रक्त यंत्रापर्यंत पोचते कशातून, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

ते पोचते फिस्टुलातून. मनगटाजवळची रोहिणी शिरेला जोडण्याची ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील डॉक्टरांनी १९६६ साली जगापुढे ठेवली. जोडलेली शीर सहा आठवड्यांत सहा मिलिमीटर रुंद व्हावी आणि तिच्यातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहावे, असा ठोकताळा आहे. पुष्कळांची शीर तेथवर पोचत नाही. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधारण दहापैकी सहा फिस्टुला मुदतीत कामाचे ठरले नाहीत. तेव्हा आपल्याकडे रुग्णाच्या नशिबाला बोल लावण्याची जी रीत आहे, ती सोडलेली बरी.

बहुधा जोडाच्या लगतच शीर आकसलेली असते. जाणत्या बोटांना ते कळते, सोनोग्राफीत मोजता येते. जागा बधिर करून शिरेत तार सरकवायची, तिच्यावरून फुगा नेऊन फुगवायचा. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. उपाय रामबाण नव्हे. शीर पुन्हा आकसते, फुगा पुन्हा घालावा लागतो, कधी जोडच नव्याने करणे श्रेयस्कर असते. तरीही टाकून दिलेल्या अनेक फिस्टुला याने कामी येतात.

हे जिथे होत नाही, तिथे मानेतली नळी महिनोन्महिने राहते. तिच्यावाटे जंतू थेट रक्तात उतरतात आणि छातीतली मोठी शीर अरुंद होऊन त्या बाजूच्या पुढच्या फिस्टुलाची वाटही अडते. कंत्राटदाराला मात्र मोबदला सत्रागणिक! सत्र नळीवर झाले की फिस्टुलावर, त्याच्या वहीत आकडा एकच. २०१७ साली सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली, तेव्हा फुगा विकणाऱ्यांना हात लागला नाही.

एवढा खर्च गरीब देशाला कसा झेपावा, असे विचारणारे निघतीलच. नळीतून ताप चढलेल्या मजुराचे प्रतिजैविकांचे बिल आणि बुडालेला रोज आज कोण भरतो, ते त्यांनी आधी सांगावे. प्रत्येक फिस्टुलाची सहाव्या आठवड्याला तपासणी, न वाढलेल्या शिरेवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत फुगा, जाण्यायेण्याचे भाडे, आणि तीन महिन्यांनंतरही नळीवर राहिलेल्या रुग्णांची संख्या कंत्राटदाराच्या प्रत्येक बिलावर: एवढे कलम करारात घालण्यास नवे यंत्र लागत नाही.