पॅनेल कमी देतंय की बॅटरी कमी मागतेय?

गेल्या महिन्यात मी एका माणसाला फोनवर नाही नाही ते बोललो. तालुक्याच्या गावातला सोलरवाला. चूक माझी होती, म्हणून हा पोस्ट-प्रपंच.

झालं असं, की गावी आमच्या घरावर 100 वॅटची दोन पॅनेल आहेत, पॅरलल जोडलेली. सोबत एक चार्ज कंट्रोलर, 12 व्होल्टची बॅटरी आणि इन्व्हर्टर. एवढाच संसार. एक दिवस बाबांचा फोन आला. "अरे, भर दुपारी मीटरवर 4 अँपिअर दाखवतंय. फसवलं रे आपल्याला." मी बसल्या जागी गुणाकार केला. बॅटरी 14.4 व्होल्टला, गुणिले 4, म्हणजे 58 वॅट. 200 चे पैसे घेऊन 58! डोकं सरकलं आणि लावला फोन. तो बिचारा एवढंच म्हणत होता, "साहेब, एकदा लोड टाकून बघा." मला वाटलं, टाळतोय.

शनिवारी मल्टीमीटर घेऊन गावी गेलो. दुपारी पुन्हा तेच 4 अँपिअर. मग इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दिवे लावले. बॅटरीचं व्होल्टेज 13 च्या खाली उतरलं आणि आकडा बघता बघता 9 वर गेला!

म्हणजे पॅनेल ठणठणीत होतं, बॅटरीच भरत आली होती. लेड-अ‍ॅसिड बॅटरी 14.4 च्या आसपास पोचली की कंट्रोलर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी घेईल तेवढाच करंट सोडतो. पोट भरलेल्या माणसाला आग्रह करायचा नाही, हेच तर त्याचं काम. मी त्यालाच बिघाड समजून बसलो होतो.

तरीही 9 गुणिले 13 म्हणजे 117 वॅट. बाकीचे कुठे गेले? आमचा कंट्रोलर पीडब्ल्यूएम जातीचा. 12 व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल पूर्ण ताकद देतं साधारण 18 व्होल्टला. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो, करंट मात्र वाढत नाही. दोन पॅनेलचे मिळून 11 अँपिअर धरले तरी 143 वॅटच्या वर काही मिळणार नाही. एमपीपीटी कंट्रोलर यातला बराचसा फरक वाचवतो, पण तो महाग. उरलेल्या दोन अँपिअरचं काय? पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. पुसल्यावर साडेनऊ झाले. शिवाय लेबलवरचे 200 वॅट हे प्रयोगशाळेतले: दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश. आमच्या पत्र्यावर 25 अंश? डिसेंबरातल्या पहाटे असतील, पण तेव्हा ऊन नसतं!

आता माझं मत. सोलरवाल्याची चूक आहेच. विकताना "200 वॅटचं पॅनेल, पण या कंट्रोलरवर 140 च धरा" हे वाक्य त्याने बोलायला हवं होतं. पण माझी चूक मोठी. ऑफिसात कुणी नुसतं "चालत नाहीये" असं लिहून बग टाकला की आपण किती वैतागतो! लॉग नाही, काय केल्यावर झालं ते नाही. मी त्या माणसाला अगदी तसाच बग टाकला होता, वर शिव्या. आणि त्याने सांगितलेली पहिली टेस्टसुद्धा केली नाही, का तर माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आणि त्याच्याकडे फक्त स्क्रू-ड्रायव्हर.

तेव्हा मंडळी, कमी आउटपुट दिसलं तर आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा, मग लोड टाका, मग धूळ-सावली आणि वायरी तपासा. भांडण सर्वांत शेवटी.

रविवारी दुकानात जाऊन माफी मागितली. तो हसला, चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, सगळे असंच करतात."

चहा गोड होता, पण घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.